दुसरा कॅमेरा कुठे आहे?

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाचं रिसेप्शन आम्ही शूट केलं. आडगावच्या पुढे, हायवेला लागून असलेलं लॉन्स. तुळशीचं लग्न होऊन पहिल्याच तिथ्या चालू झालेल्या. क्रेन, एलईडी वॉल, स्टेजसमोर ट्रायपॉडवर एक फिक्स कॅमेरा आणि फिरते दोघं, असा आमचा नेहमीचा लवाजमा होता. हायलाइटची क्लिप पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो.

"भाऊ, ते हार घालायच्या अगोदरचं बघा. स्टेजच्या वरून काहीतरी गेलंय."

"पाखरू असेल नाना."

"पाखरू एवढ्या जोरात? थांबवून बघा तुम्ही. लांबडं आहे, आणि दोन्ही बाजूंनी मणी ओवल्यागत काहीतरी दिसतंय. आमच्या मेव्हण्याने हिशोब केलाय, डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खं लॉन्स पार!"

मी फोन ठेवेपर्यंत ती क्लिप त्यांच्या भावकीच्या ग्रुपवरून निघून माझ्या सासरवाडीच्या ग्रुपवर पोचली होती. वर मथळा: 'नाशिकच्या आकाशात यूएफओ, लग्नाच्या कॅमेऱ्यात कैद'. कोपऱ्यात आमच्या स्टुडिओचा लोगो तसाच. जाहिरात फुकटात झाली म्हणायची.

मूळ फाइल उघडली. ते काहीतरी फक्त क्रेनवरच्या कॅमेऱ्यात होतं, सलग तीन-चार फ्रेममध्ये. आम्ही सेकंदाला २५ फ्रेम घेतो आणि शटर साधारण १/५० वर असतं. म्हणजे एक फ्रेम उघडी असते ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती. तेवढ्यात माशीएवढा किडा लेन्सच्या अगदी पुढून गेला तर त्याचा ठिपका न उमटता रेघ उमटते. माशीचे पंख सेकंदाला दोनशेच्या आसपास हलतात, त्यामुळे एका फ्रेममध्ये चारेक फडफडी मावतात. नानांचे मणी ते हेच. दिव्यांच्या उजेडात किडे कसे जमतात ते शेतकऱ्याला मी काय सांगणार?

पण हा माझा अंदाज झाला. खात्री पटली ती वेगळ्याच गोष्टीने. स्टेजसमोरच्या फिक्स कॅमेऱ्यात त्याच सेकंदाला, त्याच स्टेजच्या वरचा तोच अंधार दिसत होता आणि तिथे काहीही नव्हतं. लॉन्सएवढं मोठं यान स्टेजवरून गेलं असतं तर ते दोन्हीकडे यायला हवं होतं. एकात आलं, दुसऱ्यात नाही, म्हणजे जे काही होतं ते क्रेनच्या लेन्सपासून हातभर अंतरावर होतं. हातभर अंतरावर होतं म्हटल्यावर त्याचा आकारही गेला आणि वेगही गेला.

दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावून नानांना पाठवल्या. त्यांनी बघितल्या, मान्यही केलं. नाना काही भोळे नाहीत. द्राक्षावरच्या भुरी आणि डाऊनी ह्या रोगांतला फरक ते लांबून सांगतात आणि हवामानाचा अंदाज चार ठिकाणी पडताळल्याशिवाय फवारणीला हात लावत नाहीत. पण मग म्हणाले, "ठीक आहे, आपलं पाखरू निघालं. अमेरिकेचं काय? तिथल्या सरकारने तर कबूलच केलंय ना?"

ह्या प्रश्नाला मी तयार होतो. २७ एप्रिल २०२० ला पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, आपल्या नौदलाच्या विमानांतून घेतलेले तीन व्हिडिओ अधिकृतपणे प्रसिद्ध केले. ती तारीख माझ्या लक्षात आहे, कारण एप्रिल-मे हे आमच्या कमाईचे महिने आणि ते साल लॉकडाउनचं. बुक झालेल्या तिथ्या एकामागोमाग रद्द होत होत्या, कॅमेरे सिलिका जेलच्या पुड्यांसकट बॅगेत पडून होते. दुसऱ्याची फुटेज बघण्याशिवाय उद्योग नव्हता. ते तीन व्हिडिओ मी एखाद्या लग्नाचं एडिटिंग करावं तसे फ्रेम-फ्रेम पुढे-मागे करून पाहिले.

पेंटागॉनने कबूल काय केलं होतं? व्हिडिओ खरे आहेत, नौदलाचे आहेत, आणि त्यातल्या वस्तूंची ओळख पटलेली नाही. बस. ह्यातून 'अमेरिकेने एलियन मान्य केले' कसं निघतं ते मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडे प्रत्येक अल्बमच्या वेळी एक-दोन माणसं अशी निघतात, की मुलाकडचे म्हणतात मुलीकडची आणि मुलीकडचे म्हणतात मुलाकडची. त्यांचीही ओळख पटत नाही. ती जेवून गेलेली असतात एवढं नक्की.

त्या तिघांपैकी 'गो फास्ट' नावाचा व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरला. समुद्राच्या पाण्यावरून एक पांढरा ठिपका सुसाट जातो आणि तो पकडीत आल्यावर वैमानिक आनंदाने ओरडतात. बघणाऱ्याला वाटतं, ठिपका पाण्याला लागून चाललाय. पण पडद्यावर आकडे आहेत: विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन, वस्तूचं अंतर. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात ह्याच आकड्यांवरून हिशोब मांडला. विमान २५,००० फुटांवर, वस्तू सुमारे १३,००० फुटांवर, आणि तिचा वेग ताशी साधारण ६४ किलोमीटर. त्या उंचीवर वारा असतोच, एवढ्या वेगाने नुसता फुगाही वाहत जाईल. सुसाट चाललं होतं ते विमान.

ड्रोन चालवणाऱ्याला ह्यात नवल नाही. मधल्या उंचीवरच्या एखाद्या गोष्टीवर कॅमेरा रोखून धरायचा आणि ड्रोन वेगाने बाजूने न्यायचा, की खालची जमीन उलट्या दिशेने धावायला लागते आणि जागच्या जागी असलेली वस्तू उडत असल्याचा भास होतो. प्री-वेडिंगला हा शॉट आम्ही मुद्दाम घेतो, त्याचे पैसेही घेतो. (नाशकात ड्रोन उडवणं मात्र दिवसेंदिवस कटकटीचं झालंय. देवळाली, गांधीनगर, ओझर, तिन्हीकडे लष्कराचं किंवा संरक्षणाचं काही ना काही आहे, त्यामुळे पोलिसांची परवानगी काढल्याशिवाय बॅटरीसुद्धा चार्ज करू नये. पण तो वेगळा विषय.)

दुसरा व्हिडिओ 'गिम्बल'. त्यात तबकडीसारखा आकार हवेतच कलंडतो. मिक वेस्ट नावाचे एक जुने व्हिडिओ गेम प्रोग्रॅमर अशा फुटेजची चिरफाड करतात. त्यांचं म्हणणं असं, की ती लांबच्या विमानाच्या तापलेल्या इंजिनाची इन्फ्रारेड कॅमेऱ्यातली तिरीप आहे, आणि कॅमेऱ्याचं डोकं फिरतं तेव्हा तिरीपही फिरते. मला हे पटतं. समोरून गाडीचा हेडलाइट आला की लेन्समध्ये जी चांदणी फुटते ती गाडीच्या आकाराची नसते, लेन्सच्या घडणीची असते. कॅमेरा वाकडा केला की ती चांदणीही वाकडी होते. वेस्ट यांच्याशी वाद घालणारे जाणकारही आहेत, तेव्हा हा व्हिडिओ मिटला असं मी म्हणत नाही. त्या तिरपीवरून परग्रहाचं यान सिद्ध होत नाही, एवढं मात्र म्हणतो.

नंतर अजून एक आला, हिरवट अंधारात लुकलुकणारे त्रिकोण. उडते पिरॅमिड! १७ मे २०२२ ला अमेरिकन संसदेच्या सुनावणीत नौदल गुप्तवार्ता विभागाचे उपसंचालक स्कॉट ब्रे यांनी सांगितलं, की रात्री बघायच्या उपकरणातून आलेला प्रकाश कॅमेऱ्यात टिपल्यामुळे तो त्रिकोणी दिसला. वस्तू म्हणजे ड्रोन होते. हे ऐकून मी एकटाच हसलो असेन. काळ्या कार्डपेपरला बदामाच्या आकाराचं भोक पाडून लेन्सवर बसवायचं, की मागच्या माळेतला प्रत्येक दिवा फोकसबाहेर जाऊन बदाम होतो. किती जोडप्यांना आम्ही असे बदाम विकलेत. फोकसबाहेरचा ठिपका कुठला आकार घेईल ते प्रकाशाच्या वाटेतलं भोक ठरवतं. भोक त्रिकोणी असेल तर शुक्राचाही पिरॅमिड होईल.

राहिला तिसरा, २००४ च्या नोव्हेंबरमधला, सॅन दिएगोजवळच्या समुद्रावरचा. ह्यात माझी गंमत संपते. नौदलाचे वैमानिक कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांनी स्वतःच्या डोळ्यांनी टिक-टॅकच्या गोळीसारखी, पंख नसलेली, सुमारे ४० फुटांची पांढरी वस्तू पाण्यावर इकडून तिकडे उसळताना पाहिली. सोबतच्या विमानातल्यांनीही पाहिली. ती मंडळी खोटं बोलत असावीत असं त्यांना ऐकताना वाटत नाही. पण आपण जो व्हिडिओ बघतो तो त्या क्षणाचा नाही. नंतर उडालेल्या दुसऱ्या वैमानिकांनी तो घेतलाय, आणि त्यात एक धूसर अंडाकृती ठिपका आहे, बाकी काही नाही. फ्रेव्हर यांचं विमान जिथे होतं तिथला त्या मिनिटाचा कॅमेरा नाही. साक्ष आहे, ती तगडी आहे, आणि तिच्यापुढे जायला रस्ता नाही. अशा प्रकरणावर 'नक्की काय ते ठरत नाही' असा शेरा मारून फाइल बंद करायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही.

नानांना पेंटागॉनपेक्षा डेव्हिड ग्रश आवडतात. "शपथेवर सांगितलंय भाऊ त्या माणसाने." खरं आहे. २६ जुलै २०२३ ला हवाई दलाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी ग्रश यांनी संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितलं, की अमेरिकेकडे पडलेली यानं आहेत आणि त्यांत मानवेतर जैविक अवशेषही मिळालेत. मात्र स्वतः काय पाहिलं ह्यावर ते आले की गोष्ट इतरांनी त्यांना सांगितलेल्या माहितीवर जाऊन थांबते. ज्यांनी सांगितलं ते पुढे नाहीत, यान पुढे नाही, अवशेष पुढे नाहीत. अशा दाव्यांची छाननी करायला पेंटागॉननेच २०२२ मध्ये एक स्वतंत्र कार्यालय काढलं होतं. त्याच्या मार्च २०२४ च्या अहवालात १९४५ पासूनच्या सरकारी चौकश्या चाळून निष्कर्ष दिलाय, की परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कसलाही पुरावा सापडला नाही. नाना म्हणतात, "चोराने चौकशी केल्यावर काय सापडणार?" ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं तर कुणाकडेच असू शकत नाही. न सापडणं हाच लपवल्याचा पुरावा धरला तर मग पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून मी सरकारं बाजूला ठेवतो आणि आकाशातला दिवा घेतो.

अंधारात एक दिवा दिसला. किती मोठा? किती लांब? किती वेगाने? डोळ्याला ह्यातलं काहीही कळत नाही. आपली दोन डोळ्यांमधली फट जेमतेम अडीच इंचांची, तिच्यावर जवळचं अंतर कळतं. किलोमीटरभर पलीकडच्या ठिपक्यासाठी ती फट असून नसल्यासारखी. तरी सांगणारा छातीठोक सांगतो: 'बसएवढं होतं, दोन किलोमीटरवर होतं.' हे त्याने पाहिलेलं नसतं. मेंदूने अंतर धरून टाकलं आणि आकार त्यातून आपोआप निघाला.

देवळालीकडच्या लोकांना ह्याचं शिक्षण लहानपणापासून मिळतं. माझी आत्या भगूरला राहायची. सुट्टीत गेलो की रात्री गच्चीवरून तोफखान्याच्या रेंजकडचं आभाळ दिसायचं. मधूनच एक पिवळा-पांढरा गोळा आभाळात पेटायचा आणि मिनिटभर जागीच असल्यासारखा लोंबकळत राहायचा, मग हळूच विझायचा. कधी एका ओळीत तीन-चार. आत्या वाटीत लाह्या देत म्हणायची, "फायरिंग चालूय." पॅराशूटला लटकलेले प्रकाशगोळे असतात ते, रात्री मैदान उजळायला तोफेतून सोडलेले. भगूरला, लहवितला, संसरीला कुणी मान वर करून बघत नाही. पण हेच दृश्य दुसरीकडून नुकत्याच राहायला आलेल्या माणसाने बघितलं तर? माझ्या एका ग्राहकाने पाथर्डी फाट्याच्या नवीन फ्लॅटमधून काढलेला असा व्हिडिओ मला पाठवलाय. मागे बायकोचा घाबरलेला आवाज आहे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १३ मार्च १९९७ च्या रात्री दहाच्या सुमाराला फिनिक्स शहरावर दिव्यांची कमान दिसली. हजारो लोकांनी पाहिली, अनेकांनी व्हिडिओ घेतले. लष्करी सरावाच्या क्षेत्रावर ए-१० विमानांनी सोडलेल्या पॅराशूटच्या फ्लेअर होत्या त्या. कळलं कसं? वेगवेगळ्या जागांवरून घेतलेली फुटेज होती. दिवे एकेक करून 'नाहीसे' झाले ते नेमके सिएरा एस्ट्रेला डोंगराच्या धारेवर. दिवसाच्या चित्रावर रात्रीचं चित्र ठेवलं तर ठिपके डोंगरामागे उतरताना दिसतात. शहरावर लोंबणारं एकच महाकाय यान डोंगरापलीकडच्या फ्लेअरमध्ये विरघळलं. (त्याच संध्याकाळी आठच्या सुमाराला दिव्यांचा इंग्रजी व्ही आकारही गेला होता. एका हौशी आकाशनिरीक्षकाने दुर्बीण लावली तेव्हा त्याला ती विमानं दिसली. राज्याचे गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन यांनी तेव्हा पत्रकार परिषदेत एलियनच्या पोशाखातला माणूस आणून विषयाची टिंगल केली आणि दहा वर्षांनी सांगितलं, की आपणही त्या रात्री काहीतरी पाहिलं होतं. राजकारणी सगळीकडे सारखेच.)

आणि हे फक्त सामान्य माणसांचंच होतं असं नाही. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ ह्या काळात लडाखच्या सीमेवरच्या आपल्या जवानांनी एका सरोवरावर ३२९ वेळा अनोळखी प्रकाश पाहिल्याची नोंद केली. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं तेव्हा कळलं, की ते गुरू आणि शुक्र आहेत. ह्यात जवानांना हसणाऱ्यांचा मला राग येतो. उणे तापमानात, विरळ हवेत, समोर शत्रू असताना शुक्र किती झगझगीत दिसतो ते एसी हॉलमध्ये बसून कळणार नाही. त्यांनी नोंदी ठेवल्या आणि जाणकारांना विचारलं, म्हणून तर प्रश्न सुटला. इम्फाळला १९ नोव्हेंबर २०२३ ला विमानतळावर अनोळखी वस्तू दिसली, विमानं अडकून पडली, हवाई दलाने राफेल पाठवली आणि त्यांना काही मिळालं नाही. तिथे नोंद अपुरी, म्हणून गूढ कायम.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकन हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'ने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या आणि त्यांतल्या ७०१ अनुत्तरित राहिल्या, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. जून २०२१ च्या अमेरिकन गुप्तवार्ता अहवालात मात्र १४४ नोंदींपैकी फक्त एकीचा उलगडा झाला. तो हवा गेलेला मोठा फुगा होता. नानांचा मेव्हणा हा आकडा खिशात घेऊन फिरतो: "१४४ पैकी १४३!" मग काय, मधल्या काळात एलियनची ये-जा एवढी वाढली? अहवालातच लिहिलंय, की बहुतेक प्रकरणांत माहितीच तुटपुंजी आहे. ज्या ढिगात माहिती कमी, त्यात उलगडा न झालेल्या गोष्टी जास्त. 'अनुत्तरित' हा शिक्का आपल्याकडच्या नोंदीचा दर्जा सांगतो, वस्तूचा नाही. मी शूट केलेल्या कुठल्याही लग्नात काही फोटो इतके हललेले असतात, की त्यात कोण आहे ते कुणालाच सांगता येत नाही. तो नवरदेवच असेल असं मी ठामपणे म्हटलं तर अल्बमचे पैसे बुडतील.

आता ह्याची उलट बाजू, कारण ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कधीही, कुठेही, न सांगता घडलेली घटना साध्या कॅमेऱ्यांतून पकडता येते का? येते. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सकाळी साधारण २० मीटरचा अशनी हवेत फुटला. कुणालाही आगाऊ सूचना नव्हती. काचा फुटून दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. तिकडे गाड्यांच्या डॅशबोर्डवर कॅमेरे असतात, चौकांत सीसीटीव्ही असतात. त्या भंगार दर्जाच्या फुटेजवरून, भिंतींवर सरकलेल्या सावल्यांवरून, शास्त्रज्ञांनी त्या दगडाचा मार्ग, उंची, वेग आणि अंतराळातली कक्षा काढली. मोठा तुकडा चेबार्कुल तलावात पडला होता. ऑक्टोबरमध्ये तो वर काढला, साडेसहाशे किलोंचा.

आपल्या महाराष्ट्रातही झालंय की. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला माझ्या जळगावच्या साडूंचा व्हिडिओ आला: आभाळात जळत्या तुकड्यांची रांग, सावकाश सरकणारी. तासाभरात फोनवर चार कथा तयार होत्या. विमान पेटलं, क्षेपणास्त्र सुटलं, उल्का पडली, आणि अर्थात 'ते आले'. मला त्याचा सावकाशपणा बघून उल्का वाटली नव्हती. उल्का सेकंद-दोन सेकंदांत आटोपते, हे रेंगाळत होतं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. आसपास गोळ्यांसारख्या टाक्याही मिळाल्या. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च रॉकेटचा टप्पा परत वातावरणात शिरला होता. विदर्भ, खानदेश, मध्य प्रदेश, सगळीकडून व्हिडिओ होते, ते एकमेकांशी जुळत होते, आणि शेवटी गावात हात लावता येईल असं कडं होतं. परग्रहाच्या यानाबद्दल मी ह्यापेक्षा जास्त काही मागत नाही. लाडबोरीच्या गावकऱ्यांनी जेवढा पुरावा दिला तेवढा पुरे.

१९४७ पासून लोक उडत्या तबकड्या बघतायत. तेव्हा कॅमेरा श्रीमंताच्या गळ्यात असायचा, आज पंचवटीत भाजी विकणाऱ्या मावशींच्या कमरेला फोन आहे. बिबट्या नाशकात शिरला की अर्ध्या तासात चार सोसायट्यांचे सीसीटीव्ही, दोन गच्च्या आणि एका रिक्षावाल्याच्या मोबाइलमधून त्याचा पूर्ण मार्ग जुळवता येतो. यान मात्र अजून एकाच माणसाला, एकाच कोनातून, फोकसबाहेरच दिसतं. नानांना मी हा प्रश्न विचारला: दुसरा कॅमेरा कुठे आहे? ते म्हणाले, "बिबट्याला लपता येत नाही भाऊ, त्यांना येत असेल." असेल. पण मग आपल्याला जे दिसलं ते काय होतं?

माझा इंजिनिअर दोस्त मात्र दुसऱ्या टोकाचा. "एलियन-बिलियन काही नसतं रे, सोड." हेही मला पटत नाही. २०२५ मध्ये नासाच्या यादीतल्या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांचा आकडा ६,००० वर गेला, आणि ते आपल्या जवळपासच्या ताऱ्यांभोवतीचे. कुठेतरी काहीतरी जिवंत असावं असं मला वाटतं. पुणे हायवेने जाताना नारायणगावहून आत वळलं की खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी आपल्याच मातीत उभ्या केलेल्या. आकाशाचा रेडिओ आवाज असा वर्षानुवर्षं ऐकणं, हा मला शोधण्याचा रीतसर मार्ग वाटतो. राहिलं येणं-जाणं. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं लांब. १९७७ मध्ये निघालेलं नासाचं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला सतरा किलोमीटरने धावतंय, तरी तेवढं अंतर कापायला त्याला सत्तर हजार वर्षांहून जास्त लागतील. अशक्य म्हणत नाही. पण एवढा प्रवास करून कुणी आलं आणि फक्त धूसर फोटो काढून घेऊन गेलं, हे पाहुणचाराच्या दृष्टीनेही जरा विचित्रच.

बाहेरचे पाहुणे येतात हे मात्र सिद्ध झालंय, फक्त ते दगड आणि बर्फ आहेत. २०१७ मध्ये ओउमुआमुआ, २०१९ मध्ये बोरिसोव्ह, २०२५ च्या १ जुलैला थ्री-आय ॲटलस. तिन्ही सूर्यमालेबाहेरून आलेले. पहिल्याला आणि तिसऱ्याला कुणीतरी यान म्हटलंच, हार्वर्डच्या प्राध्यापकांपासून आमच्या ग्रुपपर्यंत. पण तिथे वाद घालायला सगळ्यांसमोर एकच माहिती आहे. कुठल्या रात्री, कुठल्या दिशेला, किती तेजस्वी, हे जगभरच्या दुर्बिणींनी नोंदवलंय आणि कुणीही ते तपासू शकतं. ॲटलसला धूमकेतूसारखा धुरळा आहे हे ह्या देशाने पाहिलं, त्या देशाने पाहिलं, अंतराळातल्या दुर्बिणींनी पाहिलं.

आणि मधला, तो बोरिसोव्ह, मला सगळ्यात आवडतो. ३० ऑगस्ट २०१९ ला क्रिमियात गेनाडी बोरिसोव्ह यांनी तो शोधला, स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने. कुठली गुप्त संस्था नाही, शपथ नाही, सुनावणी नाही. ठिपका हललेला दिसला, त्यांनी जागा आणि वेळ नोंदवून कळवली, आणि मग इतरांनी आपापल्या दुर्बिणी तिकडे वळवल्या. इतर म्हणजेच दुसरा कॅमेरा.

तेव्हा आभाळात काही दिसलं तर जरूर शूट करा. फक्त झूम करू नका, अंधारात ठिपक्यावर झूम केलं की ऑटोफोकस भरकटतो आणि बदाम, त्रिकोण, जेलीफिश काय म्हणाल ते दिसायला लागतं. फ्रेममध्ये विजेचा खांब, गच्चीचा कठडा, झाडाचा शेंडा, काहीतरी न हलणारं ठेवा आणि फोन त्यालाच टेकवून धरा. कुठे उभे आहात आणि तोंड कुठल्या दिशेला आहे ते व्हिडिओतच मोठ्याने बोला. ठिपक्यांची आगगाडी एका रेषेत जात असेल आणि मध्येच एकेक करून विझत असेल तर ते स्टारलिंकचे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतायत, त्यासाठी मला रात्री फोन नको. बाकी काहीही असेल तर आधी सिन्नरच्या किंवा दिंडोरीच्या एखाद्या नातेवाइकाला फोन लावा आणि त्यालाही त्याच वेळी त्याच्या गच्चीवरून शूट करायला सांगा. दोन्ही फाइली मला पाठवा, मी पैसे घेणार नाही. पण व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर त्यातली वेळ, ठिकाण आणि निम्मा तपशील वाटेतच जातो.